तुमच्या दुकानाची पाटी नियमांत कोणत्या नावानं बसते? महाराष्ट्रातल्या फलकांचे प्रकार ओळखण्याची रीत

माझ्या मावसभावानं दोन वर्षांपूर्वी औषधांचं दुकान काढलं. शटरच्या वर, गाळ्याच्या रुंदीइतकी पाटी लावली. महिन्याभरात नोटीस आली: विनापरवाना प्रकाशित जाहिरात फलक, सात दिवसांत काढा. नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, दुकान माझं, नाव माझं, भिंत माझी. मग ही जाहिरात कशी?"

त्याचा प्रश्न रास्त होता, पण तो चुकीच्या शब्दावर अडला होता. नोटिशीतला कळीचा शब्द होता 'प्रकाशित'. पाटीच्या आत एलईडीच्या पट्ट्या होत्या. हेच नाव साध्या पत्र्यावर रंगवून तिथेच लावलं असतं, तर कायद्यानंच तिला परवानगीतून मोकळं ठेवलं असतं.

मी इमारतींचे नकाशे मंजुरीला टाकण्याचं काम करतो, त्यामुळे असे लोक मला सारखे भेटतात. फ्लेक्सवाला पाटीला 'ग्लोसाइन' म्हणतो, फॅब्रिकेटर 'फ्रेम' म्हणतो, मालक 'बोर्ड' म्हणतो. शुल्क, मुदत आणि दंड मात्र कायद्यातल्या नावावर ठरतात, आणि ते नाव पाटी बनवताना कुणीच विचारात घेत नाही. त्यासाठी पाटीसमोर उभं राहून काही प्रश्न क्रमानं विचारायचे असतात. क्रम सोडला की उत्तर हमखास चुकतं, म्हणून इथे तो पाळला आहे.

सुरुवातीला: कोणतं पुस्तक उघडायचं

मुंबईत असाल तर मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा, त्यातली कलमं ३२८ आणि ३२८अ. मुंबईबाहेरच्या महापालिकांत, म्हणजे पुणे, नाशिक, कोल्हापूर, ठाणे वगैरे ठिकाणी, महाराष्ट्र महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा, कलमं २४४ आणि २४५. दोन्हीकडे पहिलं कलम आकाशचिन्हांचं, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या पाट्यांचं, आणि दुसरं जाहिरातींचं. मजकूरही जवळपास सारखाच, त्यामुळे एक समजलं की दुसरं समजतं. १९४९ च्या कायद्याखाली आकाशचिन्हं आणि जाहिरातींसाठी २०२२ चे स्वतंत्र नियमही आहेत. नगरपालिका आणि नगरपंचायतींचा कायदा १९६५ चा आहे, तो वेगळा वाचावा लागतो.

हा झाला पहिला थर. दुसरा थर विकास नियंत्रण नियमावलीचा: मुंबईत २०३४ च्या विकास आराखड्याची नियमावली, उर्वरित राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० पासूनची एकत्रिकृत नियमावली. फलकांच्या तांत्रिक बाबींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे २०१६ च्या आवृत्तीचा, भाग १० विभाग २ आधाराला घेतला जातो.

परवानगी लागते की नाही, हे पहिला थर सांगतो. या जागी, या विभागात, केवढा आणि कुठल्या प्रकारचा फलक चालेल, हे दुसरा थर सांगतो. लोक एकच थर वाचतात. 'परवानगी लागत नाही' एवढं कळलं की वाट्टेल त्या मापाची पाटी लावून मोकळे होतात, आणि मग मापावरून नोटीस येते.

कुठल्या खात्यात जायचं? पुण्यात 'आकाशचिन्ह व परवाना विभाग', मुंबईत 'अनुज्ञापन खातं'. बांधकाम परवानगीच्या खिडकीवर हे काम होत नाही. तिथे निम्मा दिवस वाया गेलेले लोक मी पाहिले आहेत.

पहिला प्रश्न: पाटीच्या मागे काय दिसतं?

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जा. तिथून शंभर पावलं डावीकडे चाला, मग तेवढीच उजवीकडे. पाटीचा एखादा तरी भाग रस्त्यावरच्या एखाद्या तरी ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो का? दिसत असेल आणि ती खांबावर, सांगाड्यावर किंवा तशाच आधारावर उभी असेल, तर ती आकाशचिन्ह. दुकानासमोर उभं राहून वर पाहिल्यानं हे कळत नाही. व्याख्येत 'रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून' असं आहे, समोरून असं नाही.

या व्याख्येत तीन गोष्टी लोकांच्या नजरेतून सुटतात.

एक, आधाराचा सांगाडाही आकाशचिन्हाचाच भाग धरला जातो. गच्चीवरचा फ्लेक्स उतरवला, पण अँगलचा पिंजरा तसाच उभा ठेवला, तर काम पूर्ण झालेलं नसतं. दोन, जाहिरातीसाठी सोडलेले फुगे आणि पॅराशूटसारखी साधनंसुद्धा यातच मोडतात. शोरूमच्या उद्घाटनाला गच्चीवर बांधलेला मोठा फुगा हे कायद्याच्या दृष्टीनं आकाशचिन्ह आहे. तीन, मजकूर विक्रीचा असायलाच हवा असं नाही. घोषणा किंवा दिशादर्शन असलं तरी व्याख्या लागू होते.

आता अपवाद. निव्वळ झेंड्याची काठी किंवा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा आकाशचिन्ह नाही, पण त्याचा जाहिरातीसाठी वापर झाला की सूट जाते. जागा विकणे किंवा भाड्याने देणे असल्याची, त्याच जागेवर लावलेली पाटीही वगळलेली आहे. रेल्वेच्या हद्दीत, केवळ रेल्वेच्याच कामकाजाबद्दल आणि रस्त्यावर कोसळू शकणार नाही अशा जागी असलेला फलकही. हा शेवटचा अपवाद नीट वाचा. 'रेल्वेची जागा' एवढ्यावर तो संपत नाही, मजकूर रेल्वेच्या कामाचा असणं आणि तो रस्त्यावर पडू न शकणं या अटी त्यात आहेत.

दुकानदारांच्या उपयोगाचा खरा अपवाद कठड्याचा. भिंतीच्या माथ्यावर, कठड्यावर किंवा छपराच्या आढ्यावर पक्की बसवलेली पाटी आकाशचिन्ह ठरत नाही, जर तिचा दर्शनी भाग सलग असेल, जाळीदार नसेल, आणि ती माथ्याच्या वर तीन फुटांपेक्षा जास्त जात नसेल. तीन फूट सगळ्यांच्या लक्षात राहतात. 'सलग, जाळीदार नाही' हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि हल्ली घोळ नेमका तिथेच होतो. सुट्या थ्रीडी अक्षरांची फॅशन आहे. हॉटेलचं नाव गच्चीच्या कठड्यावर सुट्या स्टीलच्या अक्षरांत उभं करतात, अक्षरांच्या मधून आकाश दिसतं. उंची दोनच फूट असली तरी हा सलग पृष्ठभाग नाही, सूट मिळत नाही. तीच अक्षरं कठड्याच्या दर्शनी बाजूला, भिंतीवर बसवा. मागे आकाश राहत नाही आणि प्रश्नच मिटतो. मी प्रत्येक वेळी हाच सल्ला देतो. दिसायलाही ते चांगलं दिसतं आणि वाऱ्याचा धोकाही उरत नाही.

पाटी आकाशचिन्ह ठरलीच, तर आयुक्तांची लेखी परवानगी लागते आणि ती एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची मिळत नाही. शिवाय ती आपोआप रद्दही होते: मजबुतीसाठीची दुरुस्ती सोडून फलकात भर घातली तर, त्यात बदल केला तर, त्याचा भाग अपघातानं किंवा झिजून पडला तर, इमारतीत फलकाला धक्का लावणारी वाढ किंवा बदल झाला तर, इमारत रिकामी झाली किंवा पाडली गेली तर. म्हणजे 'कागद आहे माझ्याकडे' एवढं पुरेसं नाही. कागदावर तारीख शिल्लक असूनही परवानगी संपलेली असू शकते.

दुसरा प्रश्न: उजेड आहे का?

मावसभाऊ अडला तो इथे. जाहिरातीच्या कलमात परवानगीतून सूट मिळते ती फक्त अशा फलकाला, जो आकाशचिन्हही नाही आणि प्रकाशितही नाही. मग तुमचा मजकूर कितीही निरुपद्रवी असो. आतून दिवे असलेली ग्लोसाइन पेटी, मागून उजळणारी अक्षरं, निऑन, सरकत्या मजकुराची एलईडी पट्टी, स्क्रीन: हे सगळं प्रकाशित. वरून दोन फोकस सोडले तर? मी तोही फलक प्रकाशित धरूनच अर्ज करायला सांगतो. वाद घालून वाचलेल्या पैशांपेक्षा वाया गेलेला वेळ महाग पडतो.

कायद्यानं एक गोष्ट मात्र समंजसपणे वेगळी काढली आहे. काचेआड मांडलेल्या वस्तूंवर दिवे सोडले, त्या वस्तूंवर फक्त त्यांचं किंवा उत्पादकाचं नाव असलेली लेबलं आहेत, आणि उजेड रात्री वस्तू व लेबलं दिसण्यापुरताच आहे, तर ती 'प्रकाशित जाहिरात' नाही. सोनाराची, साड्यांची, मिठाईची शोकेस यात निर्धास्त बसते. त्याच शोकेसमध्ये उजळलेला 'भव्य सेल' लावला, की तो आधार राहत नाही.

तिसरा प्रश्न: मजकूर कुणाच्या धंद्याचा?

आकाशचिन्ह नाही, उजेड नाही, तर आता मजकूर वाचायचा. कलमाची सूट अशा जाहिरातींना आहे: इमारतीच्या खिडकीच्या आत लावलेली, ज्या जागेवर किंवा इमारतीवर ती आहे तिथेच चालणाऱ्या धंद्याबद्दलची, त्या जागेच्या विक्रीची किंवा भाड्याची, तिथेच होणाऱ्या कार्यक्रमाची, सभेची किंवा विक्रीची, आणि वाहनावर असेल तर त्या वाहनाच्या मालकाच्या धंद्याबद्दलची.

यातला 'तिथेच' हा शब्द सगळं ठरवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीची पाटी त्याच इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीवर असेल तर मजकूर त्याच जागेचा आहे (सोसायटीची ना हरकत हवी, ती वेगळी बाब). तीच पाटी दोनशे मीटरवर चौकातल्या दुसऱ्याच्या भिंतीवर गेली, की शब्द तेच, अक्षर तेच, पण ती परवानगी लागणारी जाहिरात झाली. दुधाच्या टेम्पोवर डेअरीचं स्वतःचं नाव चालतं. त्याच टेम्पोवर पैसे घेऊन बिल्डरचा फ्लॅट जाहीर करणं चालत नाही. आणि चाकांवरचा ढकलता फलकसुद्धा कायदा 'संरचना' मानतो, म्हणून 'हलवता येतो' हा बचाव नाही.

सर्वांत जास्त माणसं फसतात ती कंपनीनं फुकट दिलेल्या पाटीनं. शीतपेय, मोबाइल, रंग, सिमेंट: कंपनीचा माणूस येतो, माप घेतो, चार दिवसांत झकपक पाटी लावून जातो. मध्ये तुमचं नाव, दोन्ही कडांना कंपनीचं चिन्ह. तुम्हाला वाटतं दहा हजार वाचले. पण आता त्या पाटीवर दोन धंदे आहेत. 'तो माल मी विकतोच की' असा युक्तिवाद करता येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण पाटीचा किती भाग दुकानाच्या नावाचा आणि किती कंपनीचा हे मोजलं जातं, आणि निम्म्याहून जास्त पाटी कंपनीची असेल तर ती दुकानाची नामपाटी म्हणून पटवणं कठीण. शिवाय अशा पाट्या बहुधा आतून उजळणाऱ्या असतात, म्हणजे दुसऱ्या प्रश्नातच सूट गेलेली असते. नोटीस येते ती दुकानदाराच्या नावानं, कंपनीच्या नाही. फुकट पाटी घ्यायचीच असेल तर कंपनीकडून लेखी घ्या की परवानगी, शुल्क आणि काढण्याची जबाबदारी त्यांची. मावसभावाच्या पाटीचाही एक तृतीयांश भाग अशाच कंपनीचा होता. नोटिशीत ते लिहिलेलं नव्हतं, पण पुढच्या तपासणीत निघालंच असतं.

मजकूर वाचून वर्ग ठरवावा का, हा प्रश्न आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिल्बर्ट या गावानं तात्पुरत्या पाट्यांचे विषयानुसार वर्ग केले होते, आणि एका छोट्या चर्चच्या प्रार्थनेची वाट दाखवणाऱ्या पाटीला राजकीय पाटीपेक्षा कमी माप आणि कमी वेळ दिला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ही विभागणी एकमतानं रद्द केली. २०२२ मध्ये ऑस्टिन शहराच्या खटल्यात मात्र त्याच न्यायालयानं 'जागेवरच्या धंद्याची पाटी' आणि 'दुसरीकडच्या धंद्याची पाटी' हा भेद टिकवला, कारण तो मजकुराच्या आशयापेक्षा जागेवर ठरतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये दुकान काढलेल्या आपल्या माणसांना तिथल्या नगरपालिकेचे नियम वाचताना हा भेद सतत भेटेल. आपल्या १८८८ आणि १९४९ च्या कायद्यांतला 'तिथेच' हाच भेद करतो.

चौथा प्रश्न: पाटी कशाला टेकली आहे?

इथून तांत्रिक थर सुरू होतो. राष्ट्रीय इमारत संहिता फलकाचं नाव त्याच्या आधारावरून ठरवते.

भिंतीला लावलेला, रंगवलेला किंवा चिकटवलेला तो भिंत फलक. भिंतीतून बाहेर आलेला तो प्रक्षेपित फलक. रस्त्यावरून येणाऱ्याला आडवी दिसणारी मेडिकलची हिरवी फुली किंवा डॉक्टरांची दुतर्फी पाटी बहुधा याच वर्गात जाते. व्हरांड्याला लटकवलेला तो व्हरांडा फलक. जुन्या पेठांत आणि लक्ष्मी रोडसारख्या बाजारांत हा वर्ग आजही जिवंत आहे. इमारतीतून बाहेर आलेल्या छताला किंवा कॅनॉपीला लावलेला वेगळा. कठड्यावर किंवा छपरावर उभा तो छत फलक. इमारतीपासून सुटा, जमिनीवर किंवा खांबावर उभा तो भूफलक. संहितेनं त्याची उंची ९ मीटरपर्यंत ठेवली आहे. कापड, कॅनव्हास किंवा तशा हलक्या वस्तूचा, थोड्या काळासाठीचा तो तात्पुरता फलक.

ग्लोसाइन पेटीची जाडी सहा-आठ इंच असते, खाली एसीपीची (ॲल्युमिनियमच्या थरांच्या पॅनेलची) चौकट आणि मागे अँगल धरला की पाटी फूटभर बाहेर कधी आली हे कळतही नाही. मग भिंत फलक म्हणून केलेला अर्ज प्रक्षेपित फलकाचे नियम लावून परत येतो. त्यामुळे पाटी बनवायला टाकण्याआधी फॅब्रिकेटरला एकच विचारा: भिंतीच्या प्लास्टरपासून सर्वांत पुढच्या कडेपर्यंत किती? आणि फुटपाथवर डोकं येईल अशा पाटीखाली मोकळी उंची अडीच मीटरपेक्षा कमी ठेवू नका. उंच माणसाच्या डोक्यावर टोपली असते हे लक्षात घ्या.

याशिवाय संहिता एक आडवी विभागणी करते, ती मला सर्वांत मोलाची वाटते: उघडा फलक आणि बंद फलक. ज्याच्या क्षेत्रातला किमान निम्मा भाग वाऱ्याला आरपार जाऊ देतो तो उघडा. ज्याचा निम्म्याहून जास्त भाग भरीव किंवा झाकलेला, तो बंद. फ्लेक्स ताणलेला सांगाडा म्हणजे बंद फलक, म्हणजे शिडासारखा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. वळवाच्या एका झोतात पायावर येणारा भार यामुळे नेहमीच्या दिवसाच्या कित्येक पट होतो.

१३ मे २०२४ च्या दुपारी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. मुंबईत कमाल माप ४० बाय ४०. म्हणजे क्षेत्रफळ नऊ पट. १७ माणसं गेली. त्याआधी १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ किवळे इथे वादळात आडोशाला थांबलेली पाच माणसं फलकाखाली दगावली. ५ ऑक्टोबर २०१८ ला पुण्यात जुना बाजार चौकात फलक काढण्याचं काम चालू असताना सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला, चार जण गेले. फलकाचं माप आणि वर्ग ही कागदावरची बाब नाही, हे मी प्रत्येक अर्जदाराला या तीन ठिकाणांची नावं घेऊन सांगतो. छत फलक किंवा भूफलक असेल तर परवानाधारक संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र घ्या, आणि ते देणारा माणूस जागेवर येऊन पाया आणि वेल्डिंग पाहतो का, तेही पाहा. घरी बसून सही करणाऱ्याकडून घेऊ नका. गंजलेल्या जोडापुढे सही टिकत नाही.

पाचवा प्रश्न: जमीन कोणत्या विभागात?

विकास आराखड्याचा भाग नकाशा किंवा झोन दाखला काढा. तोच फलक एका विभागात चालतो, दुसऱ्यात नाही. मुंबईच्या नियमावलीतली विभागणी नमुना म्हणून पाहण्यासारखी आहे. निवासी विभागात लुकलुकणारे फलक नाहीत. प्रत्येक घराला ०.१ चौरस मीटरपर्यंतची एक नामपाटी. हे म्हणजे साधारण एक फूट बाय एक फूट. त्या विभागात चालणाऱ्या इतर वापरांना, उदाहरणार्थ शाळा किंवा दवाखाना, १० चौरस मीटरपर्यंतचा एक ओळख फलक, उंची दीड मीटरपर्यंत. 'विकणे आहे', 'भाड्याने देणे आहे' ही पाटी त्याच जागेवर, २ चौरस मीटरपर्यंत. निवासी विभागातच दुकानांची रांग मंजूर असेल तर भिंतीला समांतर, न लुकलुकणारी, प्रत्येक दुकानाला एक मीटर उंचीपर्यंतची पाटी. व्यापारी विभागात लुकलुकणारी पाटीही चालते, पण समोर राहत्या इमारती असतील तर नाही.

ही शेवटची अट माझ्या मते या सगळ्या विभागणीत सर्वांत माणुसकीची आहे. समोरच्या घरातलं लेकरू रात्री झोपतं की नाही, याचा विचार त्यात आहे. तुमच्या गावच्या नियमावलीत ती शब्दशः नसली, तरी पाटी लावताना पाळा.

वारसा वास्तू आणि शासकीय इमारतींवर जाहिरात फलक चालत नाहीत. शासकीय इमारतीवर तिच्याच कामाचा फलक तेवढा चालतो. रस्त्याच्या चौकाजवळ, वाहतुकीच्या चिन्हाला किंवा सिग्नलला झाकणारा, रंगानं सिग्नलशी गोंधळ करणारा, रस्त्यावर आडवा बांधलेला फलक: कुठल्याही विभागात नको.

फ्लेक्सबद्दल थोडं

वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. 'चार दिवसांचा तर आहे' हे वाक्य कायद्यात नाही. तात्पुरता फलक हाही फलकाचा वर्ग आहे आणि त्यालाही परवानगी आणि मुदत असते. शिवाय १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा लागू होतो, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांबाबत सविस्तर निकाल दिला, तो आजही पालिकांच्या डोक्यावर आहे. मंडळाचा फ्लेक्स लावायचाच असेल तर परवानगी क्रमांक आणि शेवटची तारीख फ्लेक्सवरच छापा, आणि छपाईच्या दिवशीच काढण्याची मजुरी बाजूला ठेवा. झाडाला खिळा कधीच ठोकू नका.

पाटीवरची भाषा

हा वर्गाचा प्रश्न नाही, पण सूट मिळालेल्या पाटीलाही लागू होतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार नामफलकावर देवनागरीत मराठी नाव सुरुवातीला हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ ला दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. पाटी नवी करताना मराठी नाव कोपऱ्यात चिकटवू नका. आधी मराठी नावाची जागा आखा, मग बाकीचं बसवा. आपल्या भाषेतली पाटी सुबक अक्षरांत असावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी चांगला पेंटर अजून मिळतो.

अर्ज लिहिताना

पाच उत्तरं हाती आली की वर्ग एका ओळीत लिहिता येतो. उदाहरणार्थ: 'निवासी विभागातील मंजूर दुकान रांग, तळमजला, भिंत फलक, अप्रकाशित, स्वतःच्या व्यवसायाचा, भिंतीपासून १५० मिमी.' ही ओळ अर्जाच्या सुरुवातीलाच लिहा. पुढे बसलेल्या कर्मचाऱ्यालाही ती सोयीची पडते, आणि फाइलवर चुकीचा वर्ग पडण्याची शक्यता कमी होते.

सोबत रस्त्यावरून तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून. आकाश मागे नाही हे त्यातून दिसलं पाहिजे. एक दर्शनी आराखडा आणि एक छेद, ज्यात भिंतीपासूनचं अंतर आणि फुटपाथपासूनची उंची लिहिलेली आहे. माप चौकटीच्या बाहेरून बाहेर घ्या. फक्त फ्लेक्सचं माप लिहिलं आणि तपासणीत चौकट मोठी निघाली की खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो. गाळ्याचा भाडेकरार किंवा मालकी, सोसायटीची ना हरकत, दुकानाची नोंदणी, आणि प्रकाशित असेल तर वायरिंगचा दाखला. तुमच्या पालिकेची यादी याहून लांब असू शकते, तीही मागून घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मावसभावानं नोटिशीनंतर कंपनीची पट्टी उतरवली, एलईडी उपसून काढल्या आणि उजेडासाठी शटरच्या आतल्या ट्यूबलाइटवर भागवलं. पाटी सूट असलेल्या वर्गात आली, लेखी उत्तर दिलं, प्रकरण मिटलं. सहा महिन्यांनी त्यानं रीतसर अर्ज करून दिव्यांची परवानगी घेतली. आता रात्री लांबून औषधांचं दुकान ओळखू येतं, आणि औषधाच्या दुकानाला ते हवंच.

दुकान सोडताना

गाळा खाली केलात तर पाटी तुम्हीच उतरवा, सांगाड्यासकट. भिंतीतले अँकर कापून भोकं बुजवा, वायर मूळ जोडापासून काढून टाका, आणि पालिकेला एका ओळीचं पत्र द्या की अमुक तारखेला फलक काढला. तसं पत्र नसेल तर पुढच्या वर्षाचं शुल्क तुमच्याच नावावर चढत राहतं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तो गंजका सांगाडा कुणाच्या तरी अंगावर पडला तर नोटीसही तुमच्याच पत्त्यावर येते.